उन्हाळ्यात तग धरणारे लेट्यूस : परसबागेतील एक पाठ



सँडविच आणि बर्गरमधून लेट्यूस आता आपल्या नाशिकमध्ये सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहे. थंडीत कुंडीत लावले की ते छान येते. पण फेब्रुवारी संपला की बऱ्याच घरांतून एकच तक्रार ऐकू येते : "बी उगवलंच नाही", किंवा "उगवलं, पण पानं कडू लागली." मग दुकानात 'उष्णता सहन करणारे' असे लिहिलेले महागडे पाकीट दिसते आणि आपण ते घेतो. ते उन्हाळ्यात खरंच येते का? आजच्या पाठात आपण हेच समजून घेणार आहोत.

१) लेट्यूसची ओळख

लेट्यूस ही सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती आहे. झेंडू, शेवंती आणि आपण भाजी करतो ती करडईसुद्धा याच कुळातली. लेट्यूसचे पान किंवा देठ तोडला की पांढरा चीक येतो. म्हणून त्याचे शास्त्रीय नाव 'लॅक्टुका' पडले. लॅटिन भाषेत 'लॅक' म्हणजे दूध.

आता जरा आजीला विचारा, "पाथरीची भाजी माहीत आहे का?" शेताच्या बांधावर आणि ओलिताच्या पिकात पाथरी आपोआप उगवते. तिची पाने भाकरीबरोबर कच्ची खातात. तोडल्यावर तिलाही चीक येतो आणि चव थोडी कडसर असते. पाथरी आणि लेट्यूस एकाच कुळातली. म्हणजे लेट्यूस परदेशी असले, तरी त्याची नातेवाईक आपल्या बांधावर आधीपासूनच राहते आहे.

लेट्यूसचे मुख्य प्रकार असे :

- गड्डा होणारे (आइसबर्ग) – कोबीसारखा गड्डा धरते. त्याला गारवा जास्त दिवस लागतो. उन्हाळ्यासाठी सगळ्यात अवघड.
- उभ्या पानांचे (रोमेन) – पाने लांब आणि जाड. मध्यम अवघड.
- सुट्या पानांचे – गड्डा धरत नाही, पाने खुडत राहायची. घरच्या बागेसाठी सर्वांत सोपे.
- बटाविया – सुटी पाने आणि गड्डा यांच्या मधला प्रकार. उष्णता बऱ्यापैकी सहन करतो.

२) 'उष्णता सहन करणारे' म्हणजे नेमके काय?

लेट्यूसला साधारण १५ ते २२ अंश सेल्सिअस तापमान आवडते. उष्णता वाढली, दिवस मोठा झाला की झाडाला वाटते, आता आपला काळ संपत आला, बी तयार करायला हवे. मग मधून उंच दांडा निघतो, चीक वाढतो आणि पाने कडू होतात.

आपल्या भागात कांद्याला डोंगळे येतात, ते तुम्ही पाहिले असेल. दिसायला प्रकार तसाच आहे, पण कारण उलटे. कांद्याला थंडी लागल्याने डोंगळे येतात, तर लेट्यूसला उष्णतेने दांडा फुटतो.

उष्णता सहन करणाऱ्या जातीत हा दांडा उशिरा येतो. एवढाच त्याचा अर्थ. त्या झाडाला ऊन आवडते असे नाही, ते फक्त जास्त दिवस धीर धरते. इस्रायलमध्ये तयार झालेली 'जेरिको' ही रोमेन जात यासाठी प्रसिद्ध आहे. सुट्या पानांच्या 'ब्लॅक सीडेड सिम्पसन' आणि 'सॅलड बोल' या जुन्या जातीही बऱ्यापैकी तग धरतात.

३) पाकिटावरचा उन्हाळा कोणाचा?

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. पाकिटावर 'उन्हाळ्यासाठी योग्य' असे लिहिलेले असते, पण तो उन्हाळा बहुतेक वेळा थंड देशातला असतो. इंग्लंडच्या दक्षिण भागात जुलै महिन्यात दुपारचे सरासरी तापमान २२-२३ अंशांच्या आसपास असते. आपल्या नाशिकची जानेवारीतली दुपारसुद्धा त्याहून गरम! मग जानेवारीत आपल्याकडे लेट्यूस का येते? कारण रात्र थंड असते. निफाडकडे तर पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. एप्रिल-मे मध्ये मात्र दुपारी ३८ ते ४० अंश होतात आणि रात्रीचा गारवाही जातो.

म्हणून त्यांच्या उन्हाळ्याचे बियाणे आपल्या फेब्रुवारी-मार्चसाठी आहे, मे महिन्यासाठी नाही. नाशिकसाठी वेळापत्रक साधारण असे ठेवता येईल :

- ऑक्टोबर ते जानेवारी – कोणतीही जात पेरा.
- फेब्रुवारी – फक्त सुट्या पानांची किंवा उष्णता सहन करणारी जात पेरा. मार्चअखेरपासून पाने खुडा, एप्रिलच्या मध्यापर्यंत संपवा.
- मार्च ते मे – नवीन पेरणी नको.
- जुलै-ऑगस्ट – हवा पुन्हा गार होते. पण मुसळधार पावसाने पाने फाटतात आणि सडतात. पत्र्याच्या किंवा गॅलरीच्या आडोशाला हीच जात लावून पाहता येते.

शाळेच्या परसबागेसाठी तर हे वेळापत्रक फारच महत्त्वाचे. मे महिन्यात सुट्टी असते आणि पाणी घालायला कोणी नसते. मुलांनी जपलेले रोप सुट्टीत वाळून जाण्यापेक्षा एप्रिलमध्येच सगळ्यांच्या ताटात गेलेले चांगले.

४) बी का झोपते?

लेट्यूसच्या बीची एक गंमत आहे. माती साधारण २८-३० अंशांपेक्षा गरम असली, की पाणी मिळूनही बऱ्याच जातींचे बी उगवत नाही. ते मेलेले नसते, झोपलेले असते. उघड्यावर कोवळे रोप करपून जाईल, त्यापेक्षा थांबलेले बरे, अशी ही निसर्गाची सोय आहे.

दुसरी गंमत उजेडाची. १९५२ मध्ये अमेरिकेतील कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी 'ग्रँड रॅपिड्स' जातीच्या लेट्यूसच्या बियांवर प्रयोग केला. लाल प्रकाश दिला की बी उगवायचे आणि त्यानंतर अतिलाल प्रकाश दिला की थांबायचे. शेवटचा प्रकाश कोणता, यावर सगळे ठरायचे. वनस्पतींना उजेड कसा 'कळतो' याचा मोठा शोध या इवल्याशा बीमुळे लागला. आपल्यासाठी धडा सोपा आहे : बी खोल पुरायचे नाही. वर मातीचा अगदी पातळ थर पुरे.

करून पाहू या : तीन बशा घ्या. प्रत्येकीत ओला कपडा ठेवून २० बिया पसरा. पहिली बशी पाण्याच्या माठाजवळ उजेडात, दुसरी माठाजवळच पण डब्याने झाकून, तिसरी उन्हाने तापणाऱ्या खिडकीत ठेवा. कपडे ओले ठेवा. पाच दिवस रोज किती बिया उगवल्या ते वहीत लिहा. बियांच्या जातीप्रमाणे उत्तर वेगळे येऊ शकते, म्हणून पाकिटावरचे जातीचे नावही लिहून ठेवा.

५) लागवड कशी करावी?

1. बी ओल्या कपड्यात गुंडाळून दीड-दोन दिवस माठाजवळ किंवा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पांढरा कोंब डोकावला की पेरा.
2. पेरणी संध्याकाळी करा. पहिले काही तास माती गार मिळाली पाहिजे.
3. कुंडी किमान १५ सेंटिमीटर खोल हवी. माती, शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घ्या. काळी कुंडी लवकर तापते, म्हणून तिला बाहेरून गोणपाट गुंडाळा.
4. दोन रोपांत एक वीत अंतर ठेवा.
5. सकाळचे ऊन द्या. अकरानंतर सावली हवी. ५० टक्के शेडनेट चालते. नसेल तर जुनी सुती साडी बांधा. आपल्याकडे डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागेत उन्हापासून फळ वाचवायला शेतकरी जुन्या साड्या बांधतात, तीच युक्ती.
6. मुळे वरच्या थरात असतात, म्हणून रोज सकाळी थोडे थोडे पाणी द्या. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असे झाले, की पानांच्या कडा करपतात. मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घाला.

मावा दिसला तर पाण्याचा हलका फवारा मारून धुऊन काढा.

६) कच्चे खायचे, म्हणून जपायचे

मेथी-पालक आपण शिजवतो, लेट्यूस मात्र कच्चेच खातो. त्यामुळे तीन गोष्टी पक्क्या करा. भांडी किंवा कपडे धुतलेले पाणी या कुंडीला घालू नका. उन्हाळ्यात ते फुलझाडांना द्या. ताजे शेण वापरू नका, चांगले कुजलेलेच खत वापरा. आणि घर द्राक्षबागेला लागून असेल तर फवारणीचे तुषार वाऱ्याने येतात, तेव्हा कुंड्या घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा.

बाहेरची पाने सकाळी खुडा, मधला कोंब राहू द्या, म्हणजे पुन्हा पाने येतील. वाहत्या पाण्यात नीट धुऊन खा. मधला दांडा उंच होऊ लागला, की सगळे झाड काढून घ्या किंवा एखादे बियांसाठी राखून ठेवा.

७) मग मे महिन्यात काय लावायचे?

लेट्यूसमध्ये सुमारे ९५ टक्के पाणीच असते. सिन्नर-येवल्याकडे टँकरची वाट पाहिली जाते त्या दिवसांत, हट्टाने ते जगवण्यात शहाणपण नाही. माठ, राजगिरा, अंबाडी आणि मयाळू या आपल्या भाज्यांना उष्णता मानवते. मयाळूचा वेल तर गॅलरीच्या ग्रीलवर सहज चढतो. थंडीत लेट्यूस, फेब्रुवारीत धीर धरणारे लेट्यूस आणि उन्हाळ्यात माठ-मयाळू, असे केले की वर्षभर ताटात हिरवे पान राहते. बियाण्याची जात निवडणे महत्त्वाचे आहेच, पण त्याआधी आपला महिना ओळखणे महत्त्वाचे.

स्वाध्याय

1. लेट्यूसच्या कुळातील चार वनस्पतींची नावे लिहा.
2. कांद्याला डोंगळे येणे आणि लेट्यूसला दांडा फुटणे यांच्या कारणांत काय फरक आहे?
3. लेट्यूसचे बी खोल का पेरू नये?
4. उपक्रम : आठवडाभर सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता कुंडीजवळचे तापमान मोजून तक्ता करा. त्यावरून तुमच्या घरी लेट्यूस कोणत्या महिन्यापर्यंत टिकेल याचा अंदाज लिहा.
5. घरातील मोठ्या माणसांना विचारून कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या तीन रानभाज्यांची माहिती मिळवा.