मुलाला ‘फिनटेक लॉ’ला घालायचं का?

बारावीचा निकाल लागला की समुपदेशकांकडे दरवर्षी तोच प्रश्न येतो, फक्त शाखेचं नाव बदललेलं असतं. कधी बायोटेक होतं, मग डेटा सायन्स आलं. आता कायद्याकडे वळू पाहणाऱ्या घरांतून विचारणा होते, ‘फिनटेक लॉला फार स्कोप आहे म्हणतात, घालायचं का?’ हातात कुठल्याशा ऑनलाइन डिप्लोमाचं माहितीपत्रक असतं आणि पहिला हप्ता भरायची घाई झालेली असते.

उत्तर स्पष्टच द्यायला हवं. तंत्रज्ञानावर चालणाऱ्या वित्तसेवांच्या कायद्याचं हे क्षेत्र खरं आहे, कामही भरपूर आहे. पण बारावीनंतर नुसता त्या नावाचा डिप्लोमा करून तिथं कुणी वकील होत नाही. ते पैसे वाचवावेत.

मुळात फिनटेकचा वकील दिवसभर करतो काय? समजा, पुण्यातली एक कंपनी मोबाइलवरून छोटी कर्जं देणारं ॲप काढते आहे. कर्ज द्यायचा परवाना तिच्याकडे नाही, म्हणून पैसे एका एनबीएफसीचे, म्हणजे बिगरबँक वित्तीय कंपनीचे. ॲप बाजारात येण्याआधी वकील इंजिनिअरांच्या शेजारी बसून एकेक स्क्रीन उघडून बघतो. पहिल्याच स्क्रीनवर ॲप फोनमधले कॉन्टॅक्ट्स वाचायची परवानगी मागतं. ते काढायला लावायचं, कारण रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून घालून दिलेल्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो-फाइल्स यांना हात लावायचा नाही. हप्ता थकला की कर्जदाराच्या नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना फोन करून त्याची अब्रू काढायची, हा प्रकार त्याच कॉन्टॅक्ट्सच्या जोरावर चालायचा.

पुढच्या स्क्रीनवर व्याज ‘महिना फक्त दोन टक्के’ असं ठळक लिहिलेलं. तिथं प्रोसेसिंग फीसह सगळा खर्च धरून वर्षाचा दर दाखवायला हवा, आणि तोही सही होण्याआधी. मग पैशांची वाट तपासायची. रक्कम एनबीएफसीकडून थेट कर्जदाराच्या खात्यात गेली पाहिजे, मध्ये ॲपवाल्याच्या खात्यात थांबता कामा नये. कर्ज घेतल्यावर मन बदललं तर मुद्दल आणि तेवढ्या काळाचा आकार फेडून, दंड न भरता बाहेर पडायची मुदत दिली आहे का, हेही पाहायचं. हे झालं की दोन कंपन्यांमधला करार. कर्जं बुडाली तर ॲपवाल्याने किती तोटा सोसायची हमी द्यायची, यावर जून २०२३ पासून ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ते कलम सैल लिहिलं गेलं तर अडचण दोघांचीही.

यात कोडिंग कुठं आलं? कुठंच नाही. आलं ते वाचन, आणि एकेका शब्दावर अडून बसायची चिकाटी.

डिप्लोमाची भुरळ पडलेल्यांनी एक खटला मात्र जरूर वाचावा. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्यांशी संबंध तोडायला सांगितलं. इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ४ मार्च २०२० रोजी न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. रिझर्व्ह बँकेला असा अधिकार आहे, हे न्यायालयाने मान्य केलं होतं. प्रश्न होता प्रमाणाचा. क्रिप्टोमुळे बँकांचं प्रत्यक्ष काही नुकसान झालं, हे दाखवल्याशिवाय एवढा कडक उपाय योजता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. निकाल उभा राहिला तो राज्यघटनेच्या १९(१)(छ) या, व्यवसायाचं स्वातंत्र्य देणाऱ्या तरतुदीवर. कायद्याच्या कुठल्याही साध्या महाविद्यालयात ती शिकवतात.

उलट जे ‘फिनटेक’ म्हणून वेगळं शिकवतात, ते झपाट्याने शिळं होतं. २०२२ च्या त्या नियमांची जागा मे २०२५ मध्ये नव्या निर्देशांनी घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रकं मोडीत काढून २४४ एकत्रित निर्देश काढले. त्याच महिन्यात व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचे नियमही आले. त्याआधी छापलेल्या नोट्स आता रद्दी आहेत. करार कायदा, घटना, पुरावा पक्का असलेला माणूस नवा निर्देश स्वतः वाचून समजून घेतो.

रस्ते सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. बारावीनंतर पाच वर्षं किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षं. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी क्लॅट, राज्यातल्या महाविद्यालयांसाठी सीईटी लॉ. १८५५ सालचं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा १९२४ सालचं पुण्याचं आयएलएस याच वाटेवर आहेत. सनद घेतली की बार कौन्सिलची परीक्षा. पालकांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे, वकिलाने कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की त्याला वकिली थांबवावी लागते. कोर्ट की कंपनी, हे मुलाने कधीतरी ठरवायचंच आहे.

आता ज्या वाटेकडे कुणी पाहत नाही तिच्याविषयी. बी.कॉम. करून तीन वर्षांचं एलएल.बी. केलेल्या मुलाला घरचे ‘दुसरं काही जमलं नाही म्हणून लॉ’ असं हिणवतात. पण ताळेबंद आणि कायदा दोन्ही वाचता येणारा माणूस नेमका तोच असतो. आणि त्याची गरज फक्त मुंबईत बीकेसीतल्या काचेच्या इमारतींत नाही. नागरी सहकारी बँका महाराष्ट्राइतक्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये यातल्या मोठ्या, म्हणजे १,००० कोटींहून जास्त ठेवींच्या बँकांना स्वतंत्र मुख्य अनुपालन अधिकारी नेमायला सांगितलं. त्याच्या हाताखाली माणसं लागतात.

सांगली किंवा जळगावच्या अशा बँकेतलं काम डोळ्यांसमोर आणावं. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या करारात तपासणीचा हक्क आहे का, हे पाहायचं. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं. खात्यातून पैसे गेले म्हणून एखाद्या निवृत्त शिक्षिकेने हाताने लिहिलेला मराठी अर्ज येतो. चूक तिचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि तिने तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान तिच्यावर टाकता येत नाही. हे बँकेच्या व्यवस्थापकाला पटवून द्यायचं आणि तिला तिच्या भाषेत उत्तर लिहायचं. एवढं जो दोन-तीन वर्षं करेल, त्याला फिनटेक कंपनीच्या मुलाखतीत सांगण्यासारखं खूप असेल. रिझर्व्ह बँक आणि सेबी स्वतः विधी अधिकारी भरतात, ती दारंही अशा उमेदवारांनी ठोठवावीत.

पैसा आणि कायदा यांची सांगड नवीन नाही. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ साली पुस्तकरूपाने आला आणि १९३५ मध्ये ते याच शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. रिझर्व्ह बँक सुरू झाली तीही त्याच वर्षी. दोन्ही विषयांत ते मुळापर्यंत गेले होते.

शेवटचं पालकांसाठी, आणि जरा कडक. मुलाला इंजिनिअरिंगला ढकलायचं, ते झेपलं नाही की लॉ आणि लॉमध्येही ‘टेक’ लावलेलंच हवं, ही धावपळ मुलाची नसते. शेजारच्या घरात काय सांगता येईल, याची ती धडपड असते. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलाला या पेशात पहिलं वर्ष काढणंही जड जाईल, मग फी कितीही भरा.

म्हणून डिप्लोमाचा हप्ता भरण्याआधी घरच्या गृहकर्जाचा करार कपाटातून काढा आणि मुलासमोर ठेवा. तासाभराने तो दोन-चार प्रश्न घेऊन आला, तर सीईटी लॉचा अर्ज भरा. दहा मिनिटांत त्याने तो मिटून ठेवला, तर त्याला आवडणारं दुसरं काही शिकू द्या, आणि त्यावरून त्याला बोलू नका.