शंका-समाधान : डोळे पाहतात, कान ऐकतात, मग मेंदू काय करतो?

शंका : मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. ‘डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो’ हे मुलं धडाधड म्हणतात. पण यात मेंदूचं काम काय, हे आकृती काढून सांगितलं तरी त्यांच्या पचनी पडत नाही. काय करावं?
– एक शिक्षिका

समाधान : ताई, आकृती थोडे दिवस बाजूला ठेवा. न दिसणारी गोष्ट या वयात सांगून पटत नाही, अनुभवाने पटते.

साखरेत वेलचीपूड मिसळा. मुलाला नाक घट्ट दाबून धरायला सांगा आणि चिमूटभर साखर जिभेवर ठेवा. ‘कसं लागतं?’ ‘गोड.’ आता नाक सोडू द्या. एकदम वेलची! जिभेवरचा जिन्नस तोच. वेलचीचा वास तेवढा घशामागून नाकात पोचला. जिभेने गोडी कळवली, नाकाने वास. दोन्ही निरोप वेगवेगळ्या मज्जातंतूंवरून मेंदूत गेले आणि मेंदूने त्यांची मिळून एक चव केली. मुलं चकित झालेली असतानाच हे सांगा.

दुसरा प्रयोग तीन भांड्यांचा. एकात गार, दुसऱ्यात सोसवेल इतकं गरम (आधी स्वतः हात घालून पाहा) आणि मधल्यात साधं पाणी. एक हात गार पाण्यात, दुसरा गरम पाण्यात मिनिटभर ठेवून दोन्ही हात मधल्या भांड्यात घालायचे. तेच पाणी एका हाताला गरम लागतं, दुसऱ्याला गार! इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९०च्या आपल्या ग्रंथात या अनुभवाची नोंद केली आहे. पाणी किती अंश गरम आहे हे त्वचा कळवत नाही. आधीपेक्षा गार की गरम, हे मुख्यतः कळवते. मेंदू त्यावरूनच अंदाज बांधतो.

शंका : माझ्या सहा वर्षांच्या मुलाचं बोट तापल्या तव्याला लागलं. हात आधी मागे आला, रडू नंतर फुटलं. आता विचारतो, ‘मेंदूने सांगायच्या आधीच हात कसा निघाला?’
– एक आई

समाधान : त्याचं निरीक्षण अचूक आहे, त्याला शाबासकी द्या. चटक्याचा निरोप आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे जातो. ‘हात काढ’ हा हुकूम तिथूनच सुटतो. हीच प्रतिक्षिप्त क्रिया. निरोप पुढे मेंदूत पोचला की दुखायला लागतं. त्याला एवढंच सांगा : हात मज्जारज्जूने काढला, दुखलेलं मेंदूला कळलं.

शंका : जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळतं, हे चित्र खरं का?
– एक पालक

समाधान : नाही. १९०१ साली जर्मन संशोधक हेनिग यांना जिभेच्या निरनिराळ्या भागांत किरकोळ फरक आढळले होते. पुढे पुस्तकांत त्यांच्या ठळक सीमारेषा झाल्या. कारल्याची चकती जिभेच्या टोकाला लावा, कडू तिथेही लागेल. हे मुलांनाच करू द्या. पुस्तकातलं चित्रही तपासून पाहता येतं, हे त्यांना याच वयात कळायला हवं.