साखर होती कशावरून?

ऑगस्ट 2018 मध्ये नवापुरात रंगावली नदीला पूर आला. काही तासांत चढला, काही तासांत उतरला. तालुक्यात माणसे दगावली, गुरे वाहून गेली, घरे पडली. त्या हिशेबात एका किराणा दुकानाची किंमत ती काय, हे प्रस्तुत लेखकालाही कळते. पण दुकान त्याचेच होते, आणि विमा कंपनीचे सर्व्हेअरसाहेब त्याच्या डोक्यातून अजून जात नाहीत.

साहेब आले तोवर दुकान धुऊन झाले होते. ते धुवायला नको होते, असे त्यांचे मत. गाळात कुजलेली तूरडाळ, मेलेल्या उंदरांचा वास, मागच्या खोलीत लहान मुले. शिवाय आरोग्य कर्मचारी दारोदार सांगत होते की घाण लगेच काढा. साहेबांनी हे ऐकून घेतले, वहीत काही लिहिले नाही. मग साखरेच्या रिकाम्या पोत्यांकडे पेनाने खूण करून विचारले, "यात साखर होती कशावरून?"

साखर पाण्यात विरघळते. एवढे तरी साहेबांना शाळेत शिकवले असावे.

लेखकाने पोती फेकली नव्हती, हे बरे झाले. त्यांवर कारखान्याचे छाप होते. वह्यांचा लगदा झाला होता, पण खरेदीची बिले जीएसटी पोर्टलवर दिसत होती आणि बँकेत कॅश क्रेडिटसाठी दिलेले स्टॉक स्टेटमेंट सुरक्षित होते. दावा मंजूर झाला. मात्र भिजलेल्या धान्याची गुरांच्या खाद्याच्या भावाने किंमत धरून तेवढी रक्कम कापली. ते धान्य गुरांनीही तोंडात धरले नसते. वर, नष्ट झालेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट परत करावे लागते, हा कायदा सीएने नंतर सांगितला.

म्हणून इतरांसाठी थोडे. पाणी ओसरताच भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, प्रत्येक फळीचे, प्रत्येक पोत्याचे फोटो काढा. मगच फावडे हातात घ्या. सडलेला माल टाकताना तलाठ्याचा पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागा. विमा घेताना पूर त्यात आहे का ते वाचा. हप्ता कमी करायला तो वगळलेला असू शकतो. माल दहा लाखांचा आणि विमा पाच लाखांचा असेल, तर नुकसानीचीही निम्मीच रक्कम मिळते. 2024 पासूनच्या नियमांनुसार दावा कळवल्यावर 24 तासांत सर्व्हेअर नेमावा लागतो. दाद मिळाली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही.

सरकारी मदतीवर फार भिस्त नको. 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्यात असण्याची अट घातली होती. रंगावली दोन दिवस थांबत नाही! 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50,000 रुपये देण्याचे ठरले.

जिवाची काळजी सगळ्यांत आधी. मेन स्विच बंद करा, पण पाण्यात उभे राहून नव्हे. भिजलेले वायरिंग जाणकाराने तपासल्याशिवाय फ्रीज, वजनकाटा, मोटार लावू नका. गाळात गमबूट घालूनच उतरा. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, ताप आला की डॉक्टरांना पुरात फिरल्याचे सांगा. ढिगाखाली हात घालण्याआधी काठी फिरवा, साप असतात. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून, ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी) होईपर्यंत पाणी उकळून प्या.

आणि जूनच्या आधी बिले, पॉलिसी आणि स्टॉकचे फोटो गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. साहेब पुन्हा विचारणारच आहेत.