रोग बरा झाला, पुढे काय?

प्लॅटिनम म्हटले की तुम्हांला दागिने आठवतील किंवा प्रयोगशाळेतील मूस. याच धातूच्या एका संयुगाने असंख्य तरुणांचे प्राण वाचवले आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. द्रावणातून विद्युत्‌प्रवाह सोडताच जिवाणूंचे विभाजन थांबले. ते दोऱ्यासारखे लांबच लांब वाढत गेले. हा विजेचा परिणाम असेल काय? प्रवाह बंद केल्यावर त्याच द्रावणात नवे जिवाणू सोडले, तेही तसेच लांबले! म्हणजे कारण विजेत नव्हते, द्रावणात होते. प्लॅटिनमच्या विद्युदग्रांपासून तेथे प्लॅटिनमची संयुगे बनली होती. हा शोध १९६५ साली प्रसिद्ध झाला. कर्करोग म्हणजे पेशींचे बेबंद विभाजन. मग अशा संयुगाने ते रोखता येईल का, हा प्रश्न ओघानेच आला. त्यातून ‘सिसप्लॅटिन’ हे औषध मिळाले.

वृषणाचा कर्करोग तसा विरळा. पण तो बहुधा १५ ते ३५ या वयात गाठतो. पूर्वी तो शरीरभर पसरला की बहुतेक रुग्ण दगावत. १९७४ साली इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन आणखी दोन औषधांबरोबर देण्यास सुरुवात केली आणि चित्र पालटले. आज रोग पसरलेल्या रुग्णांपैकीही दहांतील सुमारे आठ बरे होतात.

हे औषध पेशीतील डीएनएच्या धाग्याला चिकटून बसते. धाग्याची नक्कल नीट होत नाही आणि पेशी मरते. पण रोगट पेशी कोणती आणि निरोगी कोणती, हे औषधाला कसे कळावे? आंतरकर्णातील सूक्ष्म रोमपेशी त्याने मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून काहींना उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. काहींच्या हातापायांना मुंग्या येतात, मूत्रपिंडे दुबळी होतात. उपचारानंतर वीस वर्षांनीही रक्तात प्लॅटिनमचा अंश सापडतो. पुढे हृदयविकाराचा आणि दुसऱ्या कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढतो.

मग औषध टाकून द्यावे काय? मुळीच नाही. ते बेताने वापरावे. मूत्रपिंडे जपण्यासाठी शिरेतून भरपूर सलाइन देतात. योग्य रुग्णांना औषधाच्या चारऐवजी तीनच फेऱ्या पुरतात. रोग पसरण्यापूर्वीच सापडला, तर पुष्कळदा शस्त्रक्रिया आणि नियमित तपासणी एवढ्यावरच भागते. पुढे मूल व्हावे म्हणून उपचारापूर्वी शुक्राणू गोठवून ठेवता येतात.

पंचविशीत बरा झालेला तरुण आणखी पन्नास वर्षे जगू शकतो. तेव्हा ‘रुग्ण वाचला का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘तो पुढे कसा जगतो?’ हेही विचारावे लागते.

आणि मुलांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. वृषणात गाठ किंवा सूज जाणवली, ती दुखत नसली तरी, लाजून लपवू नका. वडीलधाऱ्यांना सांगा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. रोग जितका लवकर सापडेल, तितके औषध कमी लागेल.