शेजाऱ्याची गुरे आपल्या शेतात



पवित्र कुरआनात एका शेतीच्या तंट्याचा उल्लेख आहे. सूरह अंबियाच्या ७८ व ७९ क्रमांकाच्या आयतींत सांगितले आहे की, काही लोकांच्या मेंढ्या रात्रीच्या वेळी दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि त्या प्रकरणाचा निवाडा हजरत दाऊद (अ.) व त्यांचे पुत्र हजरत सुलैमान (अ.) यांच्यापुढे आला. ज्या ग्रंथात समाजांच्या उत्थान-पतनाची चर्चा आहे, त्याच ग्रंथात चरून गेलेल्या शेताचीही दखल घेतली गेली. शेतकऱ्याचे नुकसान आणि शेजाऱ्याशी असलेले नाते या दोन्ही गोष्टी अल्लाहच्या दृष्टीने क्षुल्लक नाहीत, हा त्यातला पहिला धडा होय.

आपल्या भागातील प्रश्न

किहीम आणि अलिबाग तालुक्यातील इतर गावांत हा तंटा दरवर्षी नव्याने उद्भवतो. पावसाळ्यात भाताचे शेत उभे असते, तेव्हा गुरे दाव्याला किंवा गुराख्याच्या नजरेखाली असतात. कापणी झाली की शेते मोकळी होतात आणि गुरेही मोकळी सुटतात. हा जुना रिवाज. परंतु त्याच जमिनीतील ओलाव्यावर कोणी वाल पेरतो, कोणी भाजीपाला करतो. तालुक्यातील काही गावांत भौगोलिक मानांकन लाभलेला पांढरा कांदा लावला जातो. वाडीत नारळाची नवी रोपे असतात. एका रात्रीत चार गुरे आत शिरली तर दोन महिन्यांची मेहनत सकाळी दिसत नाही. मग शिवीगाळ होते, जनावराला काठी बसते, आणि पिढ्यान्पिढ्यांचा शेजार बांधावरच तुटतो.

अशा वेळी मुसलमानाने काय करावे? शरीअतने यावर तपशीलवार मार्गदर्शन केले आहे.

दिवस आणि रात्र

हजरत बराअ बिन आझिब (रजि.) यांची उंटीण एका बागेत शिरली आणि तिने नासधूस केली. हे प्रकरण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. त्यांनी दिलेल्या निर्णयाचा आशय असा, की दिवसा बागेची राखण बागेच्या मालकाने करावी, रात्री जनावरांची राखण जनावरांच्या मालकाने करावी, आणि रात्री जनावरांनी केलेल्या नुकसानीची जबाबदारी त्यांच्या मालकावर राहील. मुवत्ता आणि अबू दाऊद यांत ही हदीस आली आहे.

या निर्णयामागील न्याय पाहा. दिवसा शेतकरी शेतावर असतो आणि जनावराला चरायला जावेच लागते. रात्री शेतकरी झोपलेला असतो आणि जनावराची जागा गोठ्यात असते. ज्याने ज्या वेळी राखण करणे स्वाभाविक, त्याच्यावर त्या वेळची जबाबदारी.

कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफिई मसलकाचे आहेत. शाफिई फुकहांनी या नियमाचे बारकावे स्पष्ट केले आहेत. मालकाने जनावर नीट बांधले होते, त्यात कुचराई केली नव्हती, तरीही ते सुटले, तर त्याच्यावर भरपाई नाही. शेतकरी स्वतः हजर असून त्याने जनावराला हाकलण्यात हयगय केली, किंवा कुंपणाचे फाटक उघडे टाकले, तर रात्रीच्या नुकसानीचीही भरपाई त्याला मागता येत नाही. हनफी मसलकानुसार आपोआप सुटलेल्या जनावराने केलेल्या नुकसानीची भरपाई दिवसा वा रात्री मालकावर येत नाही. मात्र तो स्वतः हाकत वा ओढत नेत असेल, तर तो जबाबदार ठरतो. मुक्या जनावराकडून झालेल्या इजेवर भरपाई नाही, या बुखारी व मुस्लिम यांतील हदीसवर त्यांचा आधार आहे.

रिवाजाचे महत्त्व

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. शाफिई फुकहांनी म्हटले आहे की, एखाद्या प्रदेशात राखणीचा रिवाज उलटा असेल, म्हणजे गुरे दिवसा सांभाळली जात असतील आणि शेते रात्री राखली जात असतील, तर हुकूमही उलटतो. अर्थात दिवस-रात्रीचा भेद हा गावाच्या रिवाजाशी बांधलेला आहे.

मग किहीमसारख्या गावात प्रश्न उरतो तो असा: कापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याचा रिवाज आहे, पण ज्या शेतात दुबार पीक उभे आहे त्याचे काय? याचे उत्तर कोणा एकाने बांधावर उभे राहून रागाच्या भरात देऊ नये. हंगाम सुरू होण्यापूर्वीच गावाने बसून ठरवावे की, अमुक तारखेपर्यंत गुरे बांधून ठेवायची, अमुक भागात दुबार पीक आहे, तिथे कुंपण कोणी घालायचे. ठरलेला शब्द हाच मग गावाचा रिवाज होतो, आणि तो पाळणे मुसलमानावर बंधनकारक आहे. कारण करार पूर्ण करण्याची आज्ञा कुरआनाने दिली आहे.

गुरे शेतात दिसली तर

१. जनावराला मारू नये. त्याला बांध कळत नाही, सातबारा कळत नाही. सूरह अनआमच्या ३८ व्या आयतीत जमिनीवरील प्राणी व पक्षी यांना तुमच्यासारखेच समुदाय म्हटले आहे. अपराध असलाच तर तो मालकाच्या हयगयीचा आहे. त्याची शिक्षा मुक्या पाठीवर उमटवणे हा जुलूम होय. कायद्यानेही प्राण्यांशी क्रूरपणे वागणे हा गुन्हा आहे.

२. ते शेजारच्या तिसऱ्या शेतात ढकलू नये. स्वतःचे पीक वाचवण्यासाठी दुसऱ्याचे पीक पणाला लावण्याची परवानगी नाही, असे शाफिई ग्रंथांत स्पष्ट आहे.

३. बांधून ठेवावे लागले तर चारा-पाणी द्यावे. मांजरीला कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला अजाब झाल्याची हदीस प्रसिद्ध आहे. दावे आपल्या हाती आले की जबाबदारीही आपल्या हाती आली.

४. गाय दुभती असेल तर दूध आपले नाही. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जनावराचे दूध काढण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आणि त्याची तुलना दुसऱ्याचे कोठार फोडण्याशी केली. नुकसान झाले म्हणून दुधावर हक्क निर्माण होत नाही.

५. मालकाला ताबडतोब कळवावे, आणि मालक माहीत नसेल तर पोलीस पाटील व ग्रामपंचायतीला कळवावे. जनावर उघड्यावर, सर्वांना दिसेल असे बांधावे. दोन शेजाऱ्यांना साक्षीस घ्यावे. सापडलेल्या वस्तूवर साक्षीदार करावेत, ही हदीसची शिकवण आहे. आजच्या वातावरणात तिचे मोल अधिकच जाणवते. दुसऱ्याचा बैल वा गाय कोणी परसात आडोशाला बांधली आणि दोन दिवस गप्प राहिला, तर हेतू कितीही निर्मळ असला तरी संशयाला वाट मिळते. प्रेषित (स.) रात्रीच्या वेळी आपल्या पत्नी हजरत सफिया (रजि.) यांच्यासोबत जात असता दोन अन्सार दिसले, तेव्हा त्यांनी थांबवून सांगितले की या सफिया आहेत. संशय येण्यापूर्वीच तो दूर करणे ही सुन्नत आहे.

कोंडवाडा

शेतात घुसणाऱ्या गुरांविषयीचा १८७१ सालचा कायदा इंग्रजी अमदानीपासून चालत आला आहे. पिकाचे नुकसान करणारी गुरे शेतकऱ्याने धरावीत आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावीत, अशी त्याची रीत आहे. तेथे मालक दंड व चाऱ्याचा खर्च भरून जनावर सोडवून नेतो. बराच काळ कोणी आलेच नाही तर लिलाव होतो. भरपाई मिळेपर्यंत गुरे घरी अडकवून ठेवणे ही त्यातली रीत नव्हे. शिवाय कोंडवाड्याचा दंड नुकसान झालेल्या शेतकऱ्याच्या पदरात पडत नाही. म्हणून जो मालक समजावूनही ऐकत नाही, त्याच्यासाठीच हा मार्ग राखून ठेवावा.

गुरांच्या मालकांना दोन शब्द

आपण गुरांचे मालक असाल, तर दिवसाच्या सवलतीला ढाल करू नका. ओढाळ जनावराच्या गळ्यात लोढणे घालणे, दावे बदलणे, गोठ्याचे दार दुरुस्त करणे हे आपले काम आहे. यंत्रे आल्यापासून म्हातारे बैल कामाचे राहिले नाहीत म्हणून त्यांना रस्त्यावर सोडून देणे, हा तर दुहेरी अपराध: जनावराशी आणि साऱ्या गावाशी. एका अन्सारीच्या बागेतील उंट प्रेषितांना (स.) पाहून रडू लागला, तेव्हा त्यांनी मालकाला बोलावून, ज्या मुक्या प्राण्याचे तुला मालक केले त्याच्याविषयी अल्लाहला भी, अशी समज दिली. मालक त्याला उपाशी ठेवून राबवत होता.

नुकसान झाले असेल तर शेतकऱ्याने दारात येण्याची वाट पाहू नका. स्वतः जा, पीक पाहा, दोन जाणत्या शेतकऱ्यांकडून अंदाज करून घ्या आणि भरपाई द्या. हा हक्कुल-इबाद आहे. नमाज-रोजांनी तो फिटत नाही.

निवाड्याच्या पलीकडे

आता पुन्हा त्या शेताकडे येऊ. तफसीरकारांनी नोंदवले आहे की, हजरत दाऊद (अ.) यांनी नुकसानीच्या बदल्यात मेंढ्या शेतकऱ्याला देण्याचा निर्णय दिला. हजरत सुलैमान (अ.) यांनी वेगळा मार्ग सुचवला: मेंढ्या काही काळ शेतकऱ्याकडे राहाव्यात, त्याने त्यांच्या दुधाचा व लोकरीचा लाभ घ्यावा, तोवर मेंढ्यांच्या मालकाने शेत कसून पूर्ववत करावे, मग ज्याचे त्याला परत मिळावे. कुरआनाने दोघांनाही ज्ञान व निर्णयशक्ती दिल्याचे सांगितले, आणि या प्रकरणाची विशेष समज सुलैमान (अ.) यांना दिल्याचे म्हटले.

पहिल्या निर्णयात शेतकऱ्याचे नुकसान भरून निघत होते, पण दुसऱ्याचा कळप कायमचा जात होता. दुसऱ्या निर्णयात शेत पुन्हा उभे राहिले, कळपही टिकला, आणि ज्याने बिघडवले त्याच्याच हातांनी ते सुधारले गेले. आपल्या गावातही हे शक्य आहे. शेजाऱ्याकडे पैसे नसतील तर त्याने कुंपण बांधून द्यावे, एक दिवस नांगरणी करून द्यावी, शेणखताच्या चार पाट्या टाकाव्यात, पुढच्या लावणीला माणूस पाठवावा. नुकसान थोडे असेल तर माफ करावे. जो माफ करतो व समेट घडवतो त्याचे इनाम अल्लाहकडे आहे, असे सूरह शूराच्या ४० व्या आयतीत सांगितले आहे.

शेजारी आगरी असो, माळी असो, की आपल्याच जमातीतला असो, त्याचा हक्क एकच आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोचला का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, कारण जिब्रीलनी (अ.) शेजाऱ्याविषयी इतकी ताकीद दिली की तो वारस ठरेल की काय असे प्रेषितांना (स.) वाटले होते. ज्याला वारसाच्या जवळ नेले, त्याच्याशी आपण दोन वाफे वालासाठी जन्माचे वैर धरावे काय?

अल्लाह आपल्या शेतांत बरकत देवो, मुक्या जिवांशी न्यायाने वागण्याची आणि शेजार जपण्याची तौफीक देवो. आमीन.