हेलसिंकी ते टोकियो : अंतर आणि काळ

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो ही शहरे सपाट नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर तीच रेषा सर्वांत जवळचा मार्ग होय असे वाटते. पृथ्वीगोलावर मात्र या दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरल्यास तो उत्तरेकडे झुकून सायबेरियावरून जातो, असे दिसून येईल. या मार्गास बृहद्‌वृत्त म्हणतात. त्यावरून मोजलेले अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर कापण्यास जवळजवळ पावणेनऊ तास लागतील. विमानाच्या चढण्या-उतरण्याचा वेळ धरता साडेनऊ तास होतात.

परंतु हा हिशेब नेहमीच खरा ठरलेला नाही. १९८३ साली फिनएअर कंपनीने टोकियोची थेट सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत संघाचे आकाश तिला बंद होते. म्हणून विमान उत्तर ध्रुवावरून आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून वळसा घेई. त्यास सुमारे १३ तास लागत. पुढे सायबेरियाचा मार्ग खुला झाला व जवळजवळ साडेतीन तास वाचले. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर तो मार्ग युरोपीय विमानांना पुन्हा बंद झाला. ध्रुवाकडील वाट परत वापरात आली आणि प्रवासही पूर्वीप्रमाणे सुमारे १३ तासांचा झाला.

दोन्ही शहरे जागच्या जागीच आहेत. तेव्हा प्रवासाचा काळ काढताना अंतराला वेगाने भागून भागत नाही; मधल्या देशावरून जाण्याची अनुमती आहे की नाही, हेही पाहावे लागते.