गाऊट : दुखण्याची गोळी वेगळी, आजाराची गोळी वेगळी

रात्री झोपताना पाय ठीक असतो. पहाटे अचानक पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ येते की अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही. सांधा लाल होतो, सुजतो, हात लावला तर गरम लागतो. कधी अंगठ्याऐवजी घोटा, गुडघा किंवा मनगट धरते. आठ-पंधरा दिवसांत दुखणे उतरते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. काही महिन्यांनी पुन्हा तेच. या आजाराला गाऊट म्हणतात. आयुर्वेदात त्याचे नाव वातरक्त आहे. वस्तीत मात्र ‘वात आलाय’ किंवा ‘युरिक ॲसिड वाढलंय’ असेच म्हटले जाते.

हातावर पोट असलेल्या माणसाला खाडा परवडत नाही. म्हणून तो मेडिकलमध्ये जाऊन ‘सांधेदुखीची गोळी द्या’ म्हणतो. गोळीने दोन दिवसांत आराम पडतो. पुढच्या वेळी तीच गोळी, मग दर महिन्याला तीच गोळी. असे वर्षानुवर्षे चालले की आजार आत वाढत राहतो आणि गोळ्यांचा मार मूत्रपिंडावर बसतो. हे टाळता येते. गाऊट हा औषधाने नीट ताब्यात येणारा आजार आहे. फक्त कोणती गोळी कशासाठी आहे, हे घरातल्या सर्वांना माहीत हवे.

आजार होतो कसा?

आपल्या शरीरात रोज युरिक ॲसिड तयार होते. त्यातले बरेचसे मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. ते कमी बाहेर पडले की रक्तात साठते. पाण्यात साखर एका मर्यादेपर्यंतच विरघळते, त्यापुढची तळाशी खडे होऊन बसते. युरिक ॲसिडचेही तसेच आहे. रक्तात त्याचे प्रमाण साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर बराच काळ राहिले की सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात जमतात. शरीर त्या स्फटिकांशी झगडू लागले की सांधा पेटतो. यालाच गाऊटचा झटका म्हणतात.

झटका उतरला तरी स्फटिक तिथेच असतात. उपचार झाला नाही तर पुढे बोटांवर, कोपरावर, कानाच्या पाळीवर पांढरट गाठी येतात, सांधे वाकडे होतात, काहींना मुतखडा होतो.

तपासणीबाबत तीन गोष्टी

एक, नुसते युरिक ॲसिड वाढलेले आहे, पण कधीच सांधा दुखला नाही, तर तो गाऊट नव्हे. अशा बहुतेकांना गोळीची गरज नसते.

दोन, ऐन झटक्यात युरिक ॲसिडचा अहवाल कधी कधी नॉर्मल येतो. त्यावरून गाऊट नाही असे ठरत नाही. झटका उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

तीन, सांधा सुजला आहे आणि सोबत थंडी-ताप आहे, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. अशा वेळी घरी गोळी घेऊन थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पहिला प्रकार : झटका शमवणारी औषधे

ही औषधे थोड्या दिवसांसाठी असतात. झटका सुरू होताच, पहिल्याच दिवशी घेतली तर जास्त गुण येतो.

वेदनाशामक गोळ्या : नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन, डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब ही त्यांची नावे. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, वाढलेला बीपी किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. त्या जेवणानंतरच घ्याव्यात. दोन दुकानांतून दोन नावांच्या वेदनाशामक गोळ्या आणून एकत्र घेणे फार घातक. काळी शौच झाली, रक्ताची उलटी झाली किंवा लघवी कमी झाली, तर गोळी बंद करून लगेच रुग्णालयात जा.

कोल्चिसिन : ही गाऊटची जुनी आणि गुणकारी गोळी आहे, पण तिचा डोस अगदी मोजून घ्यावा लागतो. पूर्वी जुलाब लागेपर्यंत दर तासाला गोळी देण्याची पद्धत होती. ती आता सोडून दिली आहे. कमी डोसनेही तेवढाच गुण येतो आणि त्रास कमी होतो. उलट्या-जुलाब सुरू झाले तर पुढची गोळी घेऊ नका, डॉक्टरांना कळवा. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो, म्हणून ती मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिकांसोबत कोल्चिसिन अंगात साठते आणि विषासारखे काम करते. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो.

स्टेरॉईड : वरच्या दोन्ही गोळ्या चालत नसतील तेव्हा डॉक्टर काही दिवस प्रेडनिसोलोन देतात. मधुमेह्यांची साखर त्याने वाढते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाच-सात दिवस घेणे वेगळे आणि ‘सुई मारली की वात पळतो’ म्हणून दर महिन्याला इंजेक्शन घेणे वेगळे. वातावर म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. अशा पुड्या घेऊ नका.

यातले कोणतेही औषध युरिक ॲसिड कमी करत नाही. ते फक्त आग विझवते.

दुसरा प्रकार : युरिक ॲसिड कमी करणारी औषधे

वर्षातून दोन किंवा अधिक झटके येत असतील, गाठी आल्या असतील किंवा सांध्याची झीज एक्स-रेमध्ये दिसत असेल, तर रोजची गोळी लागते. मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असलेल्यांना डॉक्टर ती लवकरही सुरू करतात. यातले मुख्य औषध ॲलोप्युरिनॉल. ते १९६६ पासून वापरात आहे.

डॉक्टर ते साधारण १०० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून कमी. मग काही आठवड्यांनी रक्त तपासून डोस हळूहळू वाढवतात. युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली आणणे आणि तिथेच ठेवणे हे ध्येय. गाठी असतील तर ५ च्या खाली. सुरू केलेला डोस वर्षभर तसाच चालू आहे आणि रक्ताची तपासणी एकदाही झाली नाही, असे असेल तर उपचार अर्धवट आहे. डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ‘माझे युरिक ॲसिड ६ च्या खाली आले का?’

ॲलोप्युरिनॉल चालत नसेल तर फेबुक्सोस्टॅट नावाची गोळी देतात. हृदयविकार असेल तर ती सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावे.

गोळी मध्येच का सुटते?

पहिले कारण असे, की गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके उलट वाढू शकतात. जुने स्फटिक विरघळू लागल्याने हे होते. माणसाला वाटते गोळी लागू पडली नाही आणि तो ती बंद करतो. खरे तर ही गोळी काम करत असल्याची खूण आहे. म्हणूनच पहिले तीन ते सहा महिने डॉक्टर सोबत कमी डोसचे कोल्चिसिन देतात. मध्येच झटका आला तर त्यावर उपचार घ्या, पण रोजची गोळी चालूच ठेवा.

दुसरे कारण असे, की सहा महिने दुखले नाही म्हणून बरा झालो असे वाटते. बीपीची गोळी सोडली की बीपी जसा वाढतो, तसेच ही गोळी सोडली की युरिक ॲसिड पुन्हा चढते. बहुतेकांना ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते.

एकच कारण, ज्यासाठी गोळी लगेच थांबवायची

ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यानंतर अंगावर पुरळ आले, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, कातडी सोलू लागली किंवा पुरळासोबत ताप आला, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. हा त्रास फार थोड्यांना होतो, पण जिवावर बेतू शकतो. बहुधा तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतो. असे एकदा झाले तर ते औषध पुन्हा कधीही घ्यायचे नाही. त्याचे नाव कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

इतर औषधांची माहिती द्या

बीपीसाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हृदयासाठीची छोटी ॲस्पिरिन आणि टीबीच्या उपचारातील पायराझिनामाइड यांनी युरिक ॲसिड वाढते. पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. विशेषतः टीबीचे औषध मध्येच सोडणे घरादाराला धोक्याचे आहे. डॉक्टरांना सांगा, ते काय करायचे ते ठरवतील. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट घेण्याआधी सांगितलेच पाहिजे, कारण दोन्ही एकत्र झाल्यास रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. गरोदर स्त्रियांनी यातले कोणतेही औषध विचारल्याशिवाय घेऊ नये.

खाणे-पिणे

काळीज, भेजा, गुर्दा, वजडी, सुकट आणि तारलीसारखी मासळी कमी करावी. दारू, त्यातही बीअर, आणि बाटलीतली गोड पेये युरिक ॲसिड वाढवतात. डाळी-उसळी बंद करण्याची गरज नाही, त्यांनी गाऊट वाढत नाही. गरिबाच्या ताटातले ते मुख्य सत्त्व आहे. दूध-दही चांगले. उन्हात काम करणाऱ्यांनी पाणी भरपूर प्यावे. मात्र मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. कडक उपासानेही झटका येऊ शकतो. उपोसथ पाळणाऱ्यांनी वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेऊ नये आणि पाणी कमी पडू देऊ नये.

पथ्याने युरिक ॲसिड थोडेच उतरते. म्हणून पथ्य पाळतो तर गोळी कशाला, असा हिशेब करू नका.

घरात एवढे करा

• एका वहीत गोळीचे नाव, डोस, झटक्याची तारीख आणि युरिक ॲसिडचा आकडा लिहा. दवाखान्यात जाताना वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.

• वर्षातून निदान एकदा युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन तपासून घ्या.

• गोळी चिठ्ठीवरच घ्या. खर्च जास्त वाटला तर डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहून द्यायला सांगा आणि जन औषधी केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

• शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी घेऊ नका, आपली त्याला देऊ नका.

• वडीलधाऱ्यांना वाचता येत नसेल तर ‘रोजची’ आणि ‘दुखल्यावरची’ अशा दोन वेगळ्या रंगांच्या डब्या करा. शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा हे पाच मिनिटांत करून देईल, आणि आजोबांची गोळी चुकणार नाही.